एका हाताची चावी

"घड्याळाची कमान थकली, ताई. नवी टाकू का जुनीच बसवू? लवकर बोला, खोलून ठेवलंय मी." घड्याळजी चाँद पाशानं डोळ्यावरचं भिंग वर सारलं.

वारंगा फाट्यावर ट्रकांची नुसती गर्दी. मिना खोललेल्या घड्याळाकडं बघत राहिली. निघताना सासऱ्यानं बजावलं होतं, "नुसतं साफ करून आण. कमानीला हात लावू देऊ नको. नव्या मालात काय राम न्हाई."

सासरा भिवाजी म्हणजे शाळेचा रिटायर शिपाई. जन्मभर घंटा दिली. आता लकव्यानं उजव्या हाताची बोटं गेली, पण वेळेचा ताठा काही जाईना. मनगटावरचं घड्याळ बंद पडलेलं खपायचं नाही. कमान थकलेली, एका चावीत दिवसही निघायचा नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ चावी द्यायची, आणि तीही मिनानंच. शेजारची शालूबाई एकदा म्हणाली, "जा गं तू आईकडं, मी देते चावी." तर म्हातारा उसळला, "घड्याळाला एकाच हाताची चावी लागते! हात बदलला की बिघडलंच समजा!"

झालं. नवरा दिपक ट्रकवर, महिना महिना बाहेर. आई शिरड शहापूरला अंथरुणाला खिळलेली. मिना सकाळी जायची आणि दिवेलागणीच्या आत धापा टाकत परत. आई म्हणायची, "एक रात तरी ऱ्हाय गं माय." एवढ्याशा घड्याळानं धडधाकट बाईला दावणीला बांधलं होतं. कधी कधी वाटायचं, घालावा या मेल्या घड्याळावर वरवंटा.

"नवी टाकली तर?" तिनं विचारलं.

"एका चावीत बराबर दीड दिवस."

"टाका," मिना म्हणाली, आणि आपल्याच आवाजाला घाबरली.

त्या संध्याकाळी तिनं चावी द्यायचं नुसतं नाटक केलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी बघते तर काय, घड्याळ चालूच! भराभरा पिशवी भरली, दोन दिवसांच्या भाकरी थापून झाकल्या आणि ती सासऱ्यापुढं उभी राहिली.

"मामा, राती मी चावी दिलीच न्हाई. तरी चालूच हाय बघा. आता देते अन् आईकडं जाते. उद्या येते."

भिवाजीनं मनगट कानाला लावलं. आता तोंडाचा पट्टा सुटणार, मिनानं ओळखलं. पण म्हातारा ओरडला नाही.

"कमान बदलली व्हय?"

"व्हय."

"पाशा कवाचाच म्हणून राहिला होता मला." तो खाली बघत बोलला. "नवी टाका, सुनंची तकलीफ जाईल म्हणे. मीच नको म्हणलो."

"काहून, मामा?"

"तकलीफ गेल्यावर तू कशाला थांबतीस, पोरी?"