सात नंबरचा पेशंट

सात नंबरच्या खाटेवरचा पेशंट आपल्या चुकीच्या इंजेक्शनने दगावला, ही सल डॉक्टरांनी वीस वर्षं उरात बाळगली आणि निवृत्त झाल्यावर तिची कादंबरी केली. प्रकाशनाला त्यांनी त्यातलं स्वतःच्या रडण्याचं प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा सभागृहभर रुमाल निघाले. सहीच्या रांगेत शेवटी एक बाई आल्या. “सात नंबरच्या पेशंटची बायको मी,” त्या म्हणाल्या. “माझ्यापुढे गुडघे टेकून तुम्ही ढसाढसा रडलात, असं लिहिलंय. तुम्ही तर मागच्या दाराने सटकला होतात. आमचे हे गेल्याचं मला नर्सने सांगितलं.” “घरी जाऊन रडलो हो, शप्पथ.” “रडला असाल. पण पुस्तकभर माझे मिस्टर नुसते सात नंबर आहेत. इथे त्यांचं नाव लिहा, खाली सही करा.” डॉक्टरांनी लगबगीने पेनाचं टोपण काढलं. रडणं सगळं आठवत होतं. नाव आठवेना.