शकूचा धवला

प्रितमने बटण दाबलं आणि पडद्यावर आईचा आवाज दिसू लागला. ऐकू मात्र आला नाही.

निळी रेघ डावीकडून उजवीकडे चालली होती. मध्येच लाटेसारखी चढायची, मग ओहोटीच्या खाडीसारखी सपाट पडायची. टेबलावरच्या स्पीकरच्या दोन काळ्या डब्यांतून साधी खरखरसुद्धा नाही.

"वाढव ना आवाज," नेत्रा म्हणाली.

"फुल्ल हाय गो."

ती पिवळ्या साडीत, कपाळाला मुंडावळ्या बांधून, भावाच्या खुर्चीमागे उभी होती. भिंतीपलीकडे मांडवात बायका जमल्या होत्या. गोराईच्या त्या आळीत हळद लागायची ती नेत्राच्या आईच्या, शकूच्या धवल्यावर, लग्नाच्या गाण्यावर. शकू पाटावर बसून एक ओळ म्हणायची, बायका ती परत म्हणायच्या. शकू शिमग्यानंतर गेली. जाण्याआधी, खोकल्याने अर्धी झाली असताना, पोराला समोर बसवून तिने लेकीच्या हळदीचा धवला ह्याच कॉम्प्युटरात म्हणून ठेवला होता. म्हणून तर नेत्राने दुसरी धवलारीण बोलावू दिली नव्हती. आय म्हणेल, नाहीतर कुणी नाही.

आणि मधल्या काळात प्रितमने कॉम्प्युटरातली जुनी सिस्टिम काढून फुकटची टाकली होती. जुनी सारखी बजावत होती, मशीन म्हातारं झालं, आता नवं घ्या. मरोळला त्याच्या कंपनीतल्या मिथुनने पेन ड्राइव्ह दिला. फुकट आहे, झकास आहे, व्हायरससुद्धा नाही. तेव्हापासून प्रिंटर रुसला होता, कॅमेरा माणसं उलटी टांगत होता, आणि घरच्याच माणसाला दारात अडवून नाव विचारावं तसा कॉम्प्युटर पावलोपावली पासवर्ड मागत होता. सगळ्या फायली तेवढ्या वाचल्या होत्या.

"फोनवर घे."

"फोन ही फाईल घेत नाय. जुन्या सॉफ्टवेअरची हाय. हितं उघडतेय तेच नशीब. एकदा हितं वाजू दे, की मांडवातल्या ब्लूटूथ स्पीकरला जोडतो."

मथुराआत्या दारात आली. कोपरापर्यंत हळद.

"अरे लावा की वयनीला! बायका एकमेकींची तोंडं बघत बसल्यात."

"दोन मिन्टं, आत्या."

"तुझ्या दोन मिन्टांत बोंबील वाळला असता रं. मी जाऊन तो स्पीकर तरी चालू करते," म्हणत ती वळली.

प्रितमने पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, कसलेकसले शब्द टाइप केले. उत्तरादाखल इंग्रजी ओळींचा पाऊस पडला.

"हा म्हणतो, सगळं ठीक हाय. आवाज जातोय म्हणतो."

"कुठं जातोय?"

"तेच तर सांगत नाय ना, यार."

"तुला बदलायला कुणी सांगितलं होतं?" नेत्रा म्हणाली. "जुनं होतं, पण बोलत तरी होतं."

प्रितमने मान वर न करता माउसने पुन्हा तेच बटण दाबलं.

खाटेवर बसलेला त्यांचा बाप कुंडलिक उठला. समुद्रात लांबवर काही दिसावं तसे डोळे बारीक करून तो पडद्यापाशी वाकला.

"पहिल्यापासून लाव."

रेघ पुन्हा चालू लागली. कुंडलिकचे ओठ हलू लागले, तिच्या बरोबरीने.

"ही हितं दम घेतला तिनं," तो पुटपुटला. "आता चरेल बघ." आणि रेघ चढली, तशी त्याच्या घशातून ओळ निघाली, जेमतेम ऐकू येईल अशी:

*खारीच्या पान्याला आयली भरती,*
*पोरीच्या आंगाला हळद चरती.*

रेघ सपाट झाली.

"आता बायकांनी म्हनायचं," कुंडलिक म्हणाला. "त्यांच्यासाठी जागा सोडलीय तिनं."

आणि त्या सपाट रेघेवर, भिंतीपलीकडून, बायकांचा आवाज आला. खारीच्या पान्याला आयली भरती.

नेत्राने भिंतीकडे वळून पाहिलं. रेघ पुन्हा चढली. खोली मुकी, फक्त बापाचे ओठ. रेघ पडली, आणि पलीकडून पुढची ओळ आली, मोकळ्या गळ्याने. ही ओळ तर बापाने मोठ्याने म्हटलीही नव्हती.

प्रितम दाराकडे धावला, डोकावला, परत आला.

"मांडवात वाजतोय! आत्याने स्पीकर चालू केला नि कॉम्प्युटरने तो आपणहून पकडला. थांबा, तुम्हाला ऐकायला हितंपण आणतो..."

त्याचा हात टेबलाकडे गेला. कुंडलिकने मनगट धरलं.

"धवला लागल्यावर धवलारनीला मधनं उठवतात का रं?"

प्रितमने हात मागे घेतला. कुंडलिक तिथेच, पडद्यासमोर उभा राहिला. नेत्राकडे न बघता म्हणाला, "तू जा पोरी. तिला ताटकळत ठेवू नको."

नेत्रा मांडवात आली. आईचा आवाज इतका क्षीण होता की भिंत ओलांडणं त्याला जमलंच नसतं. बायका अंग चोरून, पुढे झुकून ऐकत होत्या. त्यांनी तिला वाट करून दिली. ती पाटावर बसली. गालाला हळदीचा थंड हात लागला.

तेवढ्यात स्पीकरमधून शकू खोकली. मथुराआत्याने गाणं न सोडता तांब्यातून पेला भरला आणि स्पीकरला टेकवून ठेवला.

शकू ओळ म्हणायची तेव्हा त्यातलं पाणी थरथरायचं. बायका म्हणू लागल्या की स्थिरावायचं.