भुतांची तिकिटं

डेरेक प्लॅट पबमध्ये शिरला तेव्हा कोणीही मान वर केली नाही.

तो दाराजवळच्या स्टुलावर बसला. बेरिलने न बोलता त्याची बिअर समोर ठेवली आणि तोंड फिरवलं. फेब्रुवारीपासून असंच चाललं होतं. डेरेकशी कोणी बोलायचं नाही, हा नियम विल्फ ऑग्डेनने केला होता. हॅल्सबी टाउन या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांमध्ये विल्फचा शब्द मोडायची टाप कोणाची नव्हती. चाळीस वर्षं मैदानावर विल्फच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या डेरेकचीही नव्हती.

अकराला दहा कमी. अकरा वाजता लीगच्या अपील मंडळाचा निकाल येणार होता. कापलेले बारा गुण परत मिळाले तर टाउन तगणार. नाही मिळाले तर सत्त्याण्णव वर्षांत पहिल्यांदा लीगच्या बाहेर.

"गुणांचं काय व्हायचं ते होवो," विल्फ दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला. "पण आज कारणं छापून येणार. चुगली कोणी केली ते कळणार."

"नाव छापत नाहीत रे ते," बेरिल म्हणाली.

"नाव कशाला हवं? वासावरून ओळखेन मी."

परिच्छेद १

"अपील फेटाळण्यात येत आहे," बेरिलने फोनवर आलेल्या निकालाचा पहिला परिच्छेद वाचला.

पोस्टमन क्लेमने चिप्सची बशी हळूच बाजूला सारली. भिंतीवर १९५८च्या संघाचा फोटो होता, त्याच्याकडे कोणी बघेना.

विल्फचा हात खिशात गेला. टिक. टिक. टिक. खिशात त्याचं मोजणीयंत्र असायचं, अंगठ्याने दाबायचं. एकतीस वर्षं मध्यंतर झालं की तो उभा राहून चारही बाजूंची डोकी मोजायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. बायकोच्या बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा मोजली होती. अस्वस्थ झाला की आता नुसताच दाबत राहायचा.

"आणि त्या शेजारच्या क्रॅंडेल क्लबवाल्यांना कोणी हात लावत नाही!" तो एकदम उसळला. "ऑक्टोबरात त्यांच्या मैदानावर एकोणीस हजार आलेत म्हणून लाउडस्पीकरवर सांगितलं. मी मोजली. अकरा हजार! तीन पानी पत्र लिहिलं लीगला."

"उत्तर आलं का?" क्लेमने विचारलं.

"पोच आली. शेजाऱ्यांना लाडू आणि आपल्याला काठी."

परिच्छेद ९

हे सगळ्यांना मार्चपासून माहीत होतं, तरी बेरिलने वाचलं. मालकाने क्लबमध्ये स्वतःच्या खिशातून किती पैसा ओतायचा याला मर्यादा असते. टाउनच्या मालकाने ती चुकवली. स्वतःच्याच दुसऱ्या कंपन्यांकरवी हजारो तिकिटं घेतली, आणि तो पैसा क्लबची कमाई म्हणून दाखवला. त्या तिकिटांवर कोणीच आलं नाही.

"म्हणजे पाच वर्षं माझ्या डाव्या हाताला भूत बसायचं," क्लेम म्हणाला. "तरीच रेफरीला कधी शिवी द्यायचं नाही."

दोघेतिघे हसले. विल्फ हसला नाही.

"बेरिल," तो म्हणाला, "कुठल्या खुर्चीचं तिकीट कोणाला विकलं, हे क्लबात कोणाला ठाऊक असतं?"

"तिकीट खिडकीवरच्या माणसाला."

"आणि तिकीट खिडकीवर सव्वीस वर्षं कोण होतं?"

सगळ्यांच्या नजरा दाराजवळच्या स्टुलाकडे गेल्या. उत्तराची गरज नव्हती. फेब्रुवारीत लीगची दोन माणसं जाडजूड फाइल घेऊन तिकीट ऑफिसात आली होती. दिवसभर डेरेकसमोर बसून एकेक कागद दाखवत होती. दुसऱ्या दिवशी क्लबने डेरेकला काढलं. डेरेकने कोणाला काही सांगितलं नाही. 'मी नव्हे' एवढंही नाही.

परिच्छेद ३१

"बेरिल, बस कर," डेरेक म्हणाला.

चार महिन्यांत त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. बेरिल दचकली.

"हरलो ते कळलं ना सगळ्यांना? मग कारणं वाचून काय मिळणार? बंद कर तो फोन, पोरी."

विल्फ सावकाश वळला, पण डेरेककडे बघितलं नाही.

"बेरिल, दाराजवळच्या त्या स्टुलाला सांग, इथे शेवटच्या ओळीपर्यंत वाचन होणार."

"विल्फ, ऐक माझं. एकदाच ऐक."

"स्टुलाला सांग, माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होता याची मला फार लाज वाटते. अस्तनीत निखारा घेऊन फिरलो मी. चाळीस वर्षं!"

डेरेकने बिअरला हात लावला नव्हता. तो उठला, कोटाची बटणं लावली. जाताना विल्फच्या पाठीशी क्षणभर थांबला, खांद्यावर हात ठेवणार असं वाटलं. मग दार वाजलं.

"पळाला!" विल्फ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "बघितलंत? ऐकवेना त्याला. हं, वाच तू."

टिक. टिक.

परिच्छेद ४४

बेरिलने आधी मनात वाचलं. मग तिने विल्फच्या खिशाकडे बघितलं.

"राहू दे ना, विल्फ," ती म्हणाली. "नंतर वाचू."

"आत्ता वाच. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तिने वाचलं.

"रिकाम्या खुर्च्यांची ही माहिती क्लबच्या कोणत्याही आजी-माजी नोकराकडून मिळालेली नाही. पत्रलेखकाची मूळ तक्रार शेजारच्या क्लबविरुद्ध होती. आपली मोजणी किती बिनचूक असते हे पटवण्यासाठी त्यांनी हॅल्सबीच्या मैदानावरच्या एकतीस वर्षांच्या आपल्या नोंदी सोबत जोडल्या होत्या."