बदली खेळाडू

नासिराचा पाय थांबत नव्हता. बाकावर बसल्या बसल्या टाच खालीवर, खालीवर. शेजारच्या मुलीनं तिच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला, तर तिच्या हातासकट गुडघा हलायला लागला.

समोर सामना निसटत चालला होता. बास्केटबॉल स्पर्धेतला पहिलाच, तोही घरच्या मैदानावर. बामाकोच्या त्या बंदिस्त हॉलमध्ये दुपारचा उकाडा कोंडला होता, ढोल बडवले जात होते, आणि मालीचा संघ सेनेगलच्या मागे पडत होता.

"ए दियारा!" मागून एक तरुण नासिराला आडनावानं हाक मारत ओरडला. "आम्ही तिकीट काढून बघायला आलोय. तू पण तिकीट काढूनच आलीस का?"

आसपासचे हसले. नासिराही ओठ ताणून हसली.

सकाळीच स्पेनहून तिच्या एजंटचा फोन आला होता. "नाव दिलंय ना संघात, असू दे. बाकावर बस, टाळ्या वाजव, फोटो काढ. पण रेषेच्या आत पाऊल टाकू नकोस. एकदा एका देशाकडून खेळलीस की दुसऱ्याचं दार बंद. इथला पासपोर्ट आता येईलच. इथल्या राष्ट्रीय संघाचे लोक मला रोज तुझ्याबद्दल विचारतायत. कळतंय ना?"

कळत होतं. शाळेच्या वयात ती मालीतून स्पेनला गेली होती. तेव्हापासून दर हंगामाला नवं गाव, नवा क्लब, नवी खोली. परदेशी मुलींच्या जागा मोजक्या; तिच्याहून उंच कुणी आली की हिनं पिशवी भरायची. पासपोर्ट म्हणजे एका ठिकाणी राहायला मिळणं. भिंतीला खिळा ठोकता येणं.

टाइमआउटची शिट्टी झाली. खेळणाऱ्या मुली धापा टाकत आल्या. प्रशिक्षक तेनिन त्राओरे त्यांच्यावर खेकसली, फळ्यावर बाण काढले, पुसले. बाकी संघ तिला कोच म्हणायचा. नासिरा एकटी मावशी म्हणायची, कारण तिच्या हातात पहिला चेंडू ह्याच बाईनं दिला होता.

आज मावशीनं तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. नासिरानं तिची बाही ओढली.

"मावशी, हरतोय आपण."

"डोळे आहेत मला."

"मग सांग ना मला, ऊठ म्हणून."

"नाही सांगणार." तेनिननं बाही सोडवून घेतली. "मी सांगायचं, आणि तू तिकडे जन्मभर म्हणत बसायचं, त्या त्राओरे बाईनं माझं वाटोळं केलं. चवळी खाणारी जात तुमची, दियारांचा काय भरवसा!"

त्राओरे आडनावाच्यांनी दियारांना चवळीखाऊ म्हणायचं, दियारांनी ते त्यांच्यावरच उलटवायचं, ही इथली जुनी थट्टा. एरवी नासिरानं लगेच उलटवली असती.

"उठायचं तर आपल्या पायानं ऊठ," तेनिन म्हणाली. "नाहीतर पोरींना पाणी दे."

नासिरानं पाणी दिलं. सुरुवातीपासून खेळणाऱ्या कादिदियाच्या हातात बाटली ठेवली तर घामानं ओल्या बोटांनी तिला झाकण उघडेना. नासिरानं उघडून दिलं. कादिदिया पाणी प्यायली, बाटली तिच्याच हातात परत देऊन आत गेली.

खेळ सुरू झाला. नासिरा बसली. उठली. परत बसली. बुटाची नाडी सोडली, बांधली. मग एकदम जॅकेट काढून बाकावर टाकलं आणि पंचांच्या टेबलाकडे चालत गेली.

"बदली," ती म्हणाली.

"त्या खुर्चीवर बस. शिट्टी झाल्याशिवाय आत जायचं नाही."

शिट्टी होईना. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. अजून परत फिरता येत होतं. नुसतं उठून बाकावर जायचं, कुणी विचारलंही नसतं. तिनं खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. ‘वाज, मेली एकदाची वाज,’ ती पुटपुटत होती.

चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून बाहेर गेला. पंचानं हात हलवून तिला आत बोलावलं. ती गेली.

त्यानंतर तिनं चेंडू मागितला, हिसकावला, नेला. फरक कमी होत होत एकावर आला. हॉल उभा राहिला. अगदी शेवटी सेनेगलच्या मुलीनं तिला धक्का दिला आणि नासिराला दोन फ्री थ्रो मिळाले.

पहिला आत गेला. बरोबरी. दुसरा बास्केटच्या कड्यावर नाचला आणि बाहेर पडला. सेनेगलच्या मुलींनी चेंडू उचलला, पळाल्या, आत टाकला. भोंगा वाजला.

नासिरा होती तिथेच उभी राहिली. स्पेनमध्ये तिचा नेम चुकला की लोक हलक्या टाळ्या वाजवायचे, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून. इथे अख्खा हॉल तिच्यावर तुटून पडला. हात आहेत की खराटे! तिकडे काय मेंढ्या राखत होतीस काय!

ती बाहेर निघाली तेव्हा कठड्याला धरून एक म्हातारी वाकून उभी होती. घसा बसलेला, डोक्यावरचं फडकं सुटलेलं.

"अगं ए ताडमाड! उद्या सकाळी लवकर येऊन टाकत बस. उद्याच्या सामन्याला मी येणार आहे. हुकलीस तर चप्पल मारीन."

नासिरानं मनगटानं नाक पुसलं.

"लवकर या आजी," ती म्हणाली. "मग जागा मिळत नाही."