रुमालाखालचा हात

वाशीच्या फळ मार्केटात हापूसचा भाव अजूनही रुमालाखाली ठरतो. विकणारा आणि घेणारा हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून बोलतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. शहाजीशेठ यात मुरलेले. पण या सीझनला त्यांच्याकडून रोज माल घेणाऱ्या उरणच्या मुस्तफाने सौदा अर्धवट सोडून रुमाल बाजूला केला. "शेठ, भाव राहू द्या. आधी डॉक्टरकडे चला."

डॉक्टरांनी शहाजीशेठचा हात हातात घेतला. बोटं आतल्या आत उडत होती. बघून कळत नव्हतं, धरल्यावरच कळत होतं.

"पोटासाठी काय घेता?"

"ते गुलाबी औषध. दोन्ही वेळ जेवणानंतर. झाली की बरीच वर्षं."

"त्यात बिस्मथ असतं. एवढी वर्षं घेतलं की ते मेंदूवर, नसांवर येतं. आजपासून बंद. थरथर हळूहळू जाईल."

घरी सत्यभामावहिनी मुस्तफावरच उखडल्या. "तीस वर्षं यांच्याबरोबर संसार करतेय मी. मला नाही कळलं, ते तुम्हाला कसं कळलं?"

मुस्तफाने चहात खारी बुडवली. "वहिनी, रोज सकाळी यांचा हात माझ्या हातात असतो. तुमी शेवटचा कधी धरला होता?"



आता बोटं शांत आहेत, तरी वहिनी रोज संध्याकाळी हात धरून तपासतात. सून समोर असते, म्हणून वरून रुमाल टाकून.