तीन शिट्ट्या

भात आजही कच्चाच होता. हेमांगीने घास चावत सासऱ्यांकडे पाहिलं. अण्णा खाली मान घालून, कवळीखाली एकेक शीत चिरडत निमूट जेवत होते.

परीक्षांचा हंगाम सुरू झाल्यापासून ती घरीच लॅपटॉपवर गणिताचे पेपर तपासत होती. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर त्यांचे गुण द्यायचे, असा नियम होता. त्यामुळे ओळ न् ओळ वाचावी लागे. म्हणून कुकर लावला की ती खोलीचं दार लोटून बसे आणि तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचं काम अण्णांकडे असे. कुकरची रिंग बदलून झाली, तांदूळ बदलून झाला. आता उरले अण्णाच.

"अण्णा, उद्यापासून गॅस मीच बंद करत जाईन," ती जमेल तितक्या मऊपणे म्हणाली. "हल्ली शिट्ट्या मोजताना तुमची चूक होते बहुतेक."

"चूक कसली? मी शिट्टी होऊच देत नाही."

"म्हणजे?"

"शिट्टी झाली की तू आत दचकतेस. 'गेलं, आता परत पहिल्यापासून,' म्हणतेस. बाहेर ऐकू येतं मला. मग कुकर फुसफुसायला लागला की मी गॅस बंद करून टाकतो. उगाच कुणाच्या पोराचा एखादा मार्क जायचा."

हेमांगीने तोंडातला घास सावकाश चावून गिळला. चुकला होता तो फक्त भात.

तिने ताट पुढे केलं. "अण्णा, अजून थोडा वाढा."