वरून पेटवलेली शेगडी

माझ्या सुनेनं शेगडी उलटी पेटवली. खाली ढलप्या, वर कोळसा, ही जगाची रीत. हिनं आधी कोळसा रचला, त्याच्या डोक्यावर ढलप्या ठेवल्या आणि वरून काडी लावली. जणू केकवरची मेणबत्ती. बाहेर बर्फ इतका कडक, की पावलाखाली काच फुटल्यासारखा वाजतोय, आणि ही बया माझ्या घरात प्रयोग करतेय!

मग मीही कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि स्वतःच्याच घरात स्टेशनवर बसल्यासारखी बसले.

"आई, कोट काढा की. जरा वेळानं ऊब येईल," जोविता म्हणाली.

"येऊ दे. आली की ओळख करून दे."

जोविता धुराचा अभ्यास करते. माझा मुलगा रूफिन खाणीतून कोळसा काढतो आणि त्याची बायको त्याच कोळशाचा धूर मोजते. असं जोडपं आमच्या या कोळसाखाणींच्या अख्ख्या सिलेशियात सापडायचं नाही. आमची शेगडी फरश्यांनी मढवलेली, लोखंडी दाराची; तिच्या धुराड्याला जोवितानं एक नळी लावली होती. नळीतून धूर एका पेटीत यायचा आणि आतल्या गोल पांढऱ्या कागदावर काजळी बसायची. मागच्या रविवारी शेगडी मी पेटवली होती, माझ्या पद्धतीनं. तेव्हाचा कागद असा निघाला, की खाणीतून आल्या आल्या रूफिननं त्याला तोंड पुसलं असावं.

आज तिची पद्धत. वरून पेटवलं, की कोळशाचा धूर वरच्या जाळातून जाताना जळून जातो म्हणे. अट एकच. चर्चची संध्याकाळची घंटा होईपर्यंत शेगडीचं दार उघडायचं नाही, वरून कोळसा टाकायचा नाही. उघडलं की दिवस फुकट. आणि उद्या सकाळी पेटी तिच्या संस्थेत परत जायची होती, ती पुन्हा मिळणार उन्हाळ्यात. उन्हाळ्यात शेगडी कोण पेटवतो? बाकीच्या गल्लीनं तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. मी हो म्हटलं. सून माझी आहे, गल्लीची नाही.

हात मात्र शिवशिवत होते. थंडीत शेगडीला तासातासानं फावडंभर कोळसा घालायचा, हे मला बोलायच्या आधी यायला लागलं असेल.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. शेजारची हिल्डा. हातात लोखंडी बादली आणि बादलीत तिच्या शेगडीतले रसरशीत निखारे.

"जिवंत आहेस होय, ट्रुडा!"

"का, तुला घाई झालीय?"

"तुझ्या धुराड्याला धूर नाही! खिडकीतून बघतेय मघापासून. आपल्याकडे धूर थांबला, की एक तर कोळसा संपला नाही तर माणूस."

"मी संपले असते तर पहिला निरोप तुलाच आला असता. मयताच्या जेवणाचे बटाटे सोलायला."

हिल्डानं ऐकलंच नाही. बाई लाखाची, पण तिचे हात तिच्या कानांच्या पुढे धावतात. तिनं फावडं उचललं, कोळसा भरला आणि शेगडीकडे निघाली. "सरक पोरी. म्हातारीला गारठवून मारशील."

"नको हो, हिल्डाकाकू!" जोविताच्या तोंडचं पाणी पळालं. "दार उघडलंत तर सगळं गेलं."

"काय गेलं? राख?"

मी उठले. एकदा शब्द दिला की दिला. शिवाय माझ्या शेगडीचं दार मला न विचारता उघडणारी अजून जन्मायचीय. लोखंडी दाराला पाठ लावून मी उभी राहिले.

"बाजूला हो, ट्रुडा. थंडीनं डोकं फिरलंय तुझं."

"फिरू दे. माझं आहे."

"अगं, विझलीय ती शेगडी!"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नाकात वास शिरला. लोकर करपल्याचा.

"आई, कोट!" जोविता किंचाळली.

मी टुणकन पुढे आले. कोटाच्या पाठीवर दाराच्या कडीचा तपकिरी शिक्का उठला होता. हिल्डानं फावडं खाली ठेवलं, हातमोजा काढला, शेगडीच्या फरशीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. बादली उचलून ती गेली. जाताना दार मात्र तिनं हळूच ओढून घेतलं.

कोट मी काढून खुंटीला लावला.

घंटा झाली. जोवितानं पेटी उघडली, चिमट्यानं कागद बाहेर काढला. चहाचा थेंब पडून वाळावा, एवढाच डाग.

"झालं की! आता सांग साऱ्या जगाला."

"एका कागदानं काही सिद्ध होत नाही, आई. पेटताना थोडा धूर झालाच. पुन्हा पुन्हा करून बघायला हवं, दुसऱ्यांच्या शेगड्यांवरही." डोळे मात्र लकाकत होते. "पण हा दाखवला, की पेटी पुढच्या रविवारीही देतील."

दुसरी कुणी असती तर गल्लीभर नाचली असती. हिनं कागद डबीत ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि अंगणात गेली. बराच वेळ परत आली नाही, म्हणून मी शाल ओढून मागोमाग गेले.

बोडक्या डोक्यानं वर बघत उभी होती. गल्लीतल्या घराघरांवर धुराचे करडे, जाड दोर लोंबत होते. आमच्या धुराड्याच्या विटांवर फक्त निळसर अंधार, आणि त्यात एक चांदणी.

"काय बघतेस? तिथं काही नाही."

"तेच बघतेय."

मीही बघितलं. मग शाल तिच्या कानांवरून गुंडाळली. गाठ जरा घट्टच मारली.

"जोविता, तुझ्या हातचे बटाट्याचे गोळे दगडासारखे होतात आणि यापुढेही तसेच होतील. पण या धुराड्यातून माझ्या सासूनं धूर काढला, मीही धूरच काढला. आभाळ काढलंस ते तूच."